आजोबांच्या प्लेअरचा मोडका हात

अगं, शनिवारी तू आणि तुझा भाऊ तो लाकडी खोका दोन्ही बाजूंनी धरून अर्नाळ्याच्या किल्ल्यावरून होडीने आलात. गुडघ्यापर्यंत भिजलेले. खोका माझ्या ओटीवर टेकवलास आणि एका दमात म्हणालीस, "ताई, आजोबांचा प्लेअर आहे, हात मोडलाय, नवा कुठला घेऊ?" मग फोनमधले पंधरा-वीस आर्म दाखवत सुटलीस, कुठला चंदेरी, कुठला काळा, कुठला एस आकाराचा. तुझे डोळे दमलेले दिसत होते. शेवटच्या होडीची वेळ झाली आणि बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून आता निवांत बसून लिहितेय. चहा घे आणि वाच. आणि वाचून होईपर्यंत काही मागवायचं नाही, सांगून ठेवते.

तू गेल्यावर मी खोका उघडून नीट बघितला. बघ, आजोबांनी बोटीवरच्या नोकरीत कमावलेल्या पैशांतून उगाच काहीतरी आणलेलं नाही. हा लेन्को एल-७५ आहे, स्वित्झर्लंडच्या बुर्गडॉर्फ गावातल्या कारखान्याचा. १९६७च्या सुमारास हे मॉडेल बाजारात आलं. याची थाळी उचलून बघितलीस ना? चार किलोच्या आसपास भरते. मोटर आणि थाळी यांच्यामध्ये एक उभं रबरी चाक आहे. मोटरचा दांडा शंकूसारखा निमुळता, आणि पट्टी सरकवली की ते चाक दांड्याच्या जाड किंवा बारीक भागाला टेकतं. म्हणून याचा वेग १६ पासून ७८ पर्यंत हवा तिथे थांबवता येतो. खालच्या पट्टीवर २२० व्होल्ट आणि ५० सायकल लिहिलंय, म्हणजे आपल्या विजेवर बिनधास्त चालेल. अमेरिकेचा असता तर आधी विजेचीच खटपट करावी लागली असती.

आता हाताचं. खरं सांगू का, तुझा हात मोडलेलाच नाही. याची नळी दोन धारदार कडांवर तोललेली असते आणि त्या कडा इंग्रजी व्ही आकाराच्या दोन छोट्या रबरी ठोकळ्यांमध्ये बसतात. पन्नास वर्षांत ते रबर कडक होऊन भुग्यासारखं झालंय. मी नखाने हात लावला तर काळी पूड सांडली. म्हणून नळी खडखडते, वाकडी बसते, आणि तुला वाटलं की मोडली. या वयाच्या बहुतेक लेन्कोंचं हेच होतं. कुकरची रिंग कडक झाली म्हणून कुणी कुकर भंगारात देतं का गं? हे ठोकळे नवे मिळतात, पितळेचे, प्लास्टिकचे, निरनिराळ्या मालाचे. नव्या आर्मच्या किमतीपुढे त्यांचा खर्च अगदीच किरकोळ आहे.

माझं मत आत्ताच सांगून टाकते. आधी ठोकळे बदल, वायरी तपास आणि जुन्या हातावर चार महिने गाणी ऐक. मग नवा आर्म हवा की नको ते ठरव. एवढं बजावून सांगतेय कारण मी नेमकं उलटं केलं होतं.

माझ्या पहिल्या प्लेअरला मी आर्म निवडला तो निव्वळ रूपावर भाळून. जाडजूड, चकचकीत, एस आकाराचा जपानी आर्म होता. तीन महिने पैसे साठवले. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, माझं नाजूक, मऊ सुईचं. दोन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम, पण जोडी जमली नाही. रेकॉर्ड जराशी वाकडी असली की स्पीकरचा पडदा आत-बाहेर धापा टाकल्यासारखा हलायचा. गाण्यात पाणी झाल्यासारखं वाटायचं. मी कधी अँप्लिफायरला दोष दिला, कधी रेकॉर्डला. दोन वर्षं तसंच ऐकलं. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, कारण बाबा तेव्हा होते आणि माझ्यासोबत तेच बिघडलेलं गाणं ऐकायचे.

चूक कुठे होती ते समजून घे, म्हणजे दुकानदार काय सांगतोय ते तुला पारखता येईल. स्प्रिंगला टांगलेला बाळाचा पाळणा बघितलायस ना? हलकं बाळ असलं की पाळणा भराभर वरखाली होतो, जड बाळ असलं की सावकाश. स्प्रिंग मऊ घेतली तर आणखी सावकाश. सुईचा मागचा दांडा रबरात रोवलेला असतो, ती झाली स्प्रिंग. आर्म आणि कार्ट्रिज मिळून झालं बाळ. या जोडीची स्वतःची एक डुलण्याची गती असते, आणि ती सेकंदाला ८ ते १२ हेलकाव्यांच्या आसपास असावी. त्याहून खूप खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डचे चढउतार आणि घरातल्या पावलांचे धक्के तिला झोके देतात. खूप वर गेली तर गाण्यातल्या खर्जाच्या सुरांत लुडबुड करते.

हिशेब अवघड नाही, किराण्याच्या यादीइतकाच आहे. आर्मचा इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची बेरीज कर. तिला कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सने, म्हणजे सुईच्या मऊपणाच्या आकड्याने गुण. आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढ आणि १५९ला त्याने भाग. ऑर्टोफॉनचं टू-एम रेड घेऊ. त्याचं वजन ७.२ ग्रॅम, कॉम्प्लायन्स २०. आर्म ११ ग्रॅमचा धरला आणि स्क्रूंचा जेमतेम एक ग्रॅम, तर बेरीज १९ होते. १९ गुणिले २० म्हणजे ३८०, वर्गमूळ साडेएकोणीस, आणि उत्तर ८ च्या जरासं वर. चालेल. तेच कार्ट्रिज माझ्यासारखं २० ग्रॅमच्या आर्मला लाव, की उत्तर ७च्याही खाली घसरतं. झालं, पडद्याच्या धापा सुरू. डेनॉनचं डीएल-१०३ मात्र कडक सुईचं आहे, त्याला जड आर्मच मानवतो. म्हणून कुणी नुसतं "हा आर्म भारी आहे" म्हणालं, तर तू विचार, "कुठल्या कार्ट्रिजला?"

दोन गोष्टी ध्यानात ठेव. इफेक्टिव्ह मास म्हणजे आर्म काट्यावर ठेवून येणारं वजन नव्हे. लांब झाडू टोकाला धरून हलवला की जड वाटतो आणि मध्ये धरला की हलका, तसं आहे हे. सुईच्या टोकाला आर्म किती जड लागतो ते मोजायचं असतं. म्हणून मागचं वजन भलं मोठं असलं तरी ते सांध्याजवळ असल्याने हिशेबात कमी धरलं जातं, आणि पुढचं हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसतं ते टोक, एक-दोन ग्रॅमने जड झालं तरी लगेच जाणवतं. दुसरी गोष्ट कॉम्प्लायन्सची. काही जपानी कंपन्या तो आकडा १०० हर्ट्झवर मोजून छापतात आणि तो कमी दिसतो. आपल्या हिशेबाला १० हर्ट्झवरचा आकडा लागतो, म्हणून छापलेल्याला साधारण दीड ते दोनने गुणून घे. मी हे न बघता एकदा कार्ट्रिज परत केलं होतं, बिचारं काही चुकलेलं नसताना.

बरं, आता जागेचं माप. समज, चार महिन्यांनीही तुला नवाच आर्म हवासा वाटला. तर आर्म कुठे बसवायचा हे त्याचा सांधा आणि थाळीच्या मधली खुंटी यांतल्या अंतरावर ठरतं. रेगाच्या आर्मला हे अंतर २२२ मिलिमीटर लागतं. एसएमई ३००९ला २१५ च्या आसपास, पण तो लांबट पाटावर पुढेमागे सरकतो, त्यामुळे थोडी चूक सांभाळून घेतो. रेगा तसा सरकत नाही. एकदा भोक पाडलं की पाडलं. मी माझ्या दुसऱ्या प्लेअरला भोक पाडून घेतलं तेव्हा खुंटीच्या मध्यापासून मोजायचं सोडून थाळीच्या कडेपासून मोजलं. सुताराने मी दिलेल्या खुणेवरच भोक पाडलं, त्याची काही चूक नव्हती. पाच मिलिमीटर सरकलं आणि चांगली सागवानी फळी वाया गेली.

म्हणून तुझ्या लेन्कोच्या पत्र्याला करवत लावायची नाही. पुठ्ठा घे, थाळी काढून मापं घे, पुठ्ठ्याचाच नकली आर्म कापून ठेवून बघ. झाकण लागतंय का, आर्म शेवटच्या गाण्यापर्यंत आणि बाहेर टेकूपर्यंत मोकळा फिरतोय का, मागचं वजन कशाला अडत नाही ना, सगळं पुठ्ठ्यावर कळतं. उंचीही बघ. एसएमई वरखाली करता येतो, जुन्या रेगाला उंची द्यायची तर खाली चकत्या घालाव्या लागतात. तुझी थाळी पत्र्यापासून चांगलीच उंच आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. थॉरेन्सचा टीडी-१६० असता तर आर्मची फळी सुटी निघाली असती, नवी फळी कापून लावली की झालं. पण तो स्प्रिंगांवर झुलतो, जड आर्म लावला की एका बाजूला कलतो, म्हणजे त्याची डोकेदुखी वेगळी.

बारा इंची आर्मचा फोटो तू तीनदा दाखवलास. दिसतो देखणा, कबूल. लांब आर्म रेकॉर्डवरून कमी तिरका फिरतो हेही खरं. पण त्याला खुंटीपासून २९५ मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. म्हणजे तुझा हा खोका सोडून नवा मोठा खोका करावा लागेल, आणि एवढी लांबी म्हणजे सहसा जास्त जडपणा. नको गं. तुमच्या घरातल्या त्या कपाटावर तो मावणारही नाही.

आता ज्या गोष्टीने माझं मत पक्कं झालं ती सांगते. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेतल्या रेकॉर्ड तू मला घाईत दाखवल्यास, पण मी बघितल्या. शांता शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथांनी चाली दिलेली, लता आणि हेमंतकुमारांच्या आवाजातली कोळीगीतं आहेत. त्या मोठ्या रेकॉर्डना साधी सुई चालते. पण खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बालगंधर्वांच्या ७८च्या लाखेच्या तबकड्या आहेत, त्यांना ती सुई लावायची नाही. एलपीच्या गोल सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८च्या तबकडीला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन वर्षानुवर्षांच्या धुळीवर घासते, म्हणून नुसती खरखर ऐकू येते. आणि तुझा लेन्को तर ७८वर फिरतो! अशा वेळी पुढचं हेडशेल सुटं निघणारा आर्म हवा. दोन हेडशेल ठेवायची, एकात एलपीची सुई, दुसऱ्यात ७८ची. बदलायला अर्धं मिनिट. दोन्हींची वजनं वेगळी, म्हणून दर वेळी सुईचा भार पुन्हा लावायचा, एवढंच.

रेगाचा आरबी-३०० हा १९८३चा आर्म फार गुणी आहे, ॲल्युमिनियमचा एकसंध ओतलेला. पण एकसंध म्हणजेच हेडशेल निघत नाही. तुझ्या आजोबांच्या ट्रंकेला तो अर्धाच उपयोगाचा. तुझ्या जुन्या हाताचं हेडशेल मात्र निघतं. फक्त ते लेन्कोच्याच घडणीचं असतं, कुठलंही बाजारातलं बसत नाही, तेव्हा दुसरं शोधताना मॉडेलचं नाव सांगून शोध. कळलं ना आता मी जुन्याच हाताचा हट्ट का धरलाय ते?

कुणी तुला वापरलेला एसएमई किंवा जेल्को दाखवला तर घाई करू नकोस. जेल्को बनवणारी जपानी कंपनी २०२० साली बंद झाली, एसएमईने २०१९च्या शेवटी सुटे आर्म विकणं थांबवलं. त्यामुळे जुन्या मालाच्या किमती चढल्यात आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरचा विक्रेताही आता हे जाणतो. आर्म हातात घेतलास की वजन सरकवून तो आडवा तरंगत ठेव. हळूच फुंकर मार, तो मोकळेपणी जायला हवा, मध्ये अडकता कामा नये. मग हेडशेल दोन बोटांत धरून अगदी हलकेच डोलवून बघ, सांध्यात कचकच लागली तर राम राम म्हण. जुन्या एसएमईचं मागचं वजन रबरावर जोडलेलं असतं, ते खाली झुकलंय का पाहा. रबर नवं मिळतं, पण ती घासाघीस किंमत ठरवताना व्हायला हवी.

वायरी स्वतः जोडायला भिऊ नकोस. चारच आहेत. पांढरी डावीची, निळी तिची जोडीदार. लाल उजवीची, हिरवी तिची जोडीदार. त्या केसासारख्या बारीक असतात. पिनेला धरून ढकलायच्या, वायर ओढायची नाही. मी ओढली, नळीच्या आत तुटली, आणि एका चार इंची वायरीसाठी सगळा आर्म खोलावा लागला. चिमटा वापर, दिवसाच्या उजेडात बस. गुंइंइं असा आवाज आला तर बहुतेक वेळा अर्थची वायर सुटलेली असते. आणि हो, चुंबकी कार्ट्रिजला अँप्लिफायरवर फोनोची जोडणी लागते. ती नसली तर छोटा फोनो प्रीअँप घे, नाहीतर आवाज इतका बारीक येईल की तुला वाटेल सगळंच बिघडलं.

तुझ्या मावशीकडे एचएमव्हीचा फिएस्टा आहे म्हणालीस ना, पेटीसारखा? त्याच्या आर्मला हात लावू नका. फक्त सुई बदला आणि आजोबांच्या चांगल्या रेकॉर्ड त्यावर वाजवू नका, त्याचा भार जास्त असतो.

आता आपल्या अर्नाळ्याचं दुखणं, खारी हवा. तुम्ही तर पाण्याच्या मधोमध राहता. सुरूच्या बनाच्या अलीकडे माझं घर आहे, तरी माझ्या कपाटाच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत गंजतात. आर्म निवडताना हे पुस्तकात कुणी लिहीत नाही. बारीक छर्ऱ्यांच्या बेअरिंगमध्ये गंज शिरला की तो काढणं आपल्या हातचं नाही. तुझ्या लेन्कोची धार मात्र उघडी असते, दिसते, पुसता येते. हेडशेलच्या पिना महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, रबरी चाकाची कडही त्यानेच. थाळीच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब चालतात, पण आर्मच्या सांध्यात तेल नाही, गंज सोडवायचा फवारा तर अजिबात नाही. झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि जूनपासून त्या दर आठवड्याला तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापर. बोंबील वाळत घातलेल्या बाजूची खिडकी त्या खोलीत बंद ठेव, आईला माझं नाव सांग.

७८च्या तबकड्यांवरचे नंबर एका वहीत उतरवून काढ. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी केली. 'द रेकॉर्ड न्यूज' या त्यांच्या अंकांत जुन्या तबकड्यांची आणि गायकांची खूप माहिती आहे. नंबर हाताशी असला की शोध सोपा होतो.

ठोकळे आले की बसवू आपण दोघी. त्यानंतर सुई जुळवायची. त्यासाठी छापील कागदी मापपट्टी मिळते, तिच्यावर खुंटीपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या जवळपास दोन खुणा असतात. त्या दोन्ही जागी कार्ट्रिज रेषेला समांतर दिसलं की जमलं. कागद छापून आणलास की आधी पट्टीने मोज, छापताना तो हमखास लहान होतो. सुईचा भार बघायला सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घे, लॅमिंग्टन रोडला मिळेल. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम-९५-ई घ्यायचं तुझ्या मनात आहे, त्याला २ ग्रॅम भार लागतो. पहिल्या दिवशी अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला म्हणून रडायचं नाही, दुसऱ्यांदा बरोबर येतो.

खोका इथेच राहू दे, ओटीवरून आत घेतलाय आणि जुन्या चादरीने झाकलाय. तो होडीतून हलवायचा तर पुढच्या वेळी थाळी काढून वेगळ्या पिशवीत, मागचं वजन काढून रुमालात, आणि आर्म सुती दोऱ्याने टेकूला बांधून. शनिवारी तुम्ही तो मोकळाच आणलात, माझा जीव वरखाली झाला. ट्रंक मात्र एकदम आणू नकोस, ७८च्या तबकड्या उभ्या ठेवून चार-चार आण, आडव्या रचल्या तर होडीच्या धक्क्याने तडकतील. रविवारी भरतीची वेळ बघून नीघ. दुपारी आलीस तर जेवायलाच ये, सुरमई आणून ठेवते. आणि आजोबांना विचारून ये, पहिली कुठली रेकॉर्ड लावायची ते.